रविवारचा कैदी

रविवारी दुपारी तीन वाजले की मन्सूर आपल्या कवळ्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेई, मागच्या खोलीतल्या टेबलावर हिरवी चादर अंथरी आणि तिच्यावर शकांची फौज मांडी. समोरच्या बाजूला एक स्टूल ठेवी. आठ महिने झाले, त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं. तरी ते ठेवायला तो चुकत नव्हता. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, अर्ध्या वणी गावाच्या तोंडात ज्याच्या हातचे दात, तो रिकाम्या स्टुलाशी बोलतो हे कोणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण पाहायलाही कोणी येत नव्हतं.

हा प्रकार काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर म्हातारा भातुकली मांडून बसला असं वाटेल. दुकानात येणाऱ्या बऱ्याच लोकांना तसंच वाटायचं. खेळ असा, की जुन्या काळातल्या दोन फौजा समोरासमोर उभ्या करायच्या. शिपाई तळपायापासून डोळ्यापर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. चार-चार शिपाई एकेका पुठ्ठ्यावर चिकटवलेले. फासे टाकायचे, टेपने मोजून पुठ्ठे पुढे सरकवायचे, आणि ज्याची फौज आधी मोडेल तो हरला. मागे दोघांच्या छावण्या असतात. छावणी लुटली गेली की फौजेचा कणा मोडलाच म्हणून समजा. या खेळाच्या नियमांची झेरॉक्स मन्सूरचा दोस्त धम्मरत्न याचा मुलगा पियुष याने कॉलेजात असताना पुण्याहून आणली होती. पियुष महिन्याभरात खेळ विसरला, पुढे नोकरीसाठी परदेशी गेला. त्याचा बाप आणि बापाचा दोस्त मात्र अकरा वर्षं ती झेरॉक्स धरून बसले.

धम्मरत्न खाणीतून निवृत्त झालेला सर्व्हेअर. त्याची फौज सातवाहनांची, मन्सूरची शकांची. विकतचे शिपाई दूरदेशीहून मागवावे लागत आणि त्यांत सातवाहन कोणी बनवतच नसे. तेव्हा दोघांनी घरीच सुरू केलं. मन्सूरला काय, मेण कोरण्यात जन्म गेला होता. तो मेणाचा शक करी, प्लास्टरचा साचा काढी आणि कवळीसाठी वापरतात तेच ॲक्रिलिक त्यात ओती. त्यामुळे त्याच्या शकांचा रंग कुठे खरवडला की आतून ते हिरड्यांसारखे गुलाबी दिसत. धम्मरत्नचं काम वेगळं. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार वाकवून सांगाडा करायचा आणि नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी त्यावर थापायची. पुट्टी वाळायच्या आत घाईघाईने नाक-डोळे काढायचे. त्याचे सातवाहन जाडजूड, एक हात लांब, एक आखूड. 'तुह्या फौजेले आधी दवाखान्यात ने,' असं मन्सूर म्हणायचा.

दोघांनी आपला एक नियम वरून घातला होता, तो झेरॉक्समध्ये नव्हता. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या फौजेतला मनाला येईल तो एक शिपाई कैदी न्यायचा. तिथेच, हरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, पातीने त्याचं डोकं उडवायचं. मग आठवड्याभरात त्याच्यावर आपल्याकडचं डोकं बसवून, रंग बदलून त्याला आपल्या फौजेत भरती करायचा. फेटा गेला की टोकदार टोपी आली, टोपी गेली की फेटा आला. अकरा वर्षांत दोन्ही फौजा अशा एकमेकींत मिसळल्या होत्या की शकांच्या रांगेत पंधरा-वीस जाडजूड धडं टोप्या घालून उभी होती. हरलेला शिव्या घाली, जिंकलेला चहा पाजी. कापलेली डोकी मन्सूर मेणाच्या एका रिकाम्या डबीत टाकून ठेवी. कारागिराला काही फेकवत नाही.

बाकी मन्सूरचं आयुष्य सुनंच होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. बायको खैरुनबी ठणठणीत होती, पण हैदराबादला. मुलगी उमेराच्या बाळंतपणाला ती चाळीस दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. पहिलं नातवंड चालायला लागेपर्यंत दुसरं आलं, दुसऱ्याच्या मागे उमेराची नोकरी आली. रोज संध्याकाळी खैरुनबीचा फोन येई. जेवले का, ती विचारी. हो, मन्सूर म्हणे. मग मागून पोरांचा गलका येई आणि फोन ठेवला जाई. सोमवार ते शनिवार मन्सूर लोकांचे दात करी आणि रविवारची वाट पाही. म्हणून रविवार गेला तेव्हा त्याचा सगळा आठवडाच गेला.

तो गेला जानेवारीत. त्या दिवशी मन्सूरच्या घोडेस्वारांनी डावीकडून वळसा घातला आणि थेट सातवाहनांच्या छावणीवर धाड घातली. खरं सांगायचं तर वळसा घालताना त्याने अर्धा इंच जास्त सरकवलं होतं. टेपचं टोक बोटाखाली दाबून धरलं की असं होतं, आणि ते त्याला कळलंही होतं. धम्मरत्न फासे गोळा करत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. छावणी लुटली गेली. मन्सूर जिंकला.

कैदी निवडायला त्याला वेळ लागला नाही. छावणीच्या पुठ्ठ्यावर राहुटी, बैल, चूल आणि कमरेवर घागर घेतलेली एक बाई होती. बाई नवीच दिसत होती. शकांच्या छावणीत पाणी द्यायला कोणी नव्हतं. शिवाय अंगावर ना चिलखत ना ढाल, बदलायला सोपी. मन्सूरने तिला पुठ्ठ्यावरून सोडवलं, अंगठ्यावर आडवी धरली आणि पात चालवली.

धम्मरत्नने शिवी दिली नाही. चहाही घेतला नाही. मिठाईच्या दोन खोक्यांत फौज भरली, खोके बगलेत मारले आणि निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर 'तब्येत बरोबर नाही' म्हणाला, आणि नंतर फोन उचलेनासा झाला.

मन्सूरने मनाशी हिशेब जमवला. सर्व्हेअरच तो, जन्मभर इंच-इंच मोजलेला. घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं असणार की घोडे तिथवर पोचायला नको होते. अर्धा इंच मन्सूरच्या उरावर बसला. मार्चमध्ये तो एका दुपारी उठून धम्मरत्नच्या घरी गेला आणि दारातच बोलून मोकळा झाला.

"गलती झाली यार. त्या दिवशी घोडे अर्धा इंच जास्त सरकवले मी. ते जीत धरू नको. पुन्हा खेळू."

धम्मरत्न उंबऱ्यातच उभा होता.

"अर्धा इंच?" तो म्हणाला.

"हो."

"असू दे," धम्मरत्न म्हणाला आणि दार लावून घेतलं. आवाजात राग असता तर मन्सूरला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो एकटाच खेळू लागला. जुन्या लढायांत जिंकून आणलेले, नवं डोकं बसवायचं राहून गेलेले पाच-सहा बिनडोक्याचे सातवाहन होते, ते आणि बाकी चॉकचे तुकडे मिळून समोरची फौज. आपली चाल करायची, मग उठून पलीकडे जायचं आणि धम्मरत्नची चाल करायची. 'हे काय मोजनं झालं? टेप सरळ धर,' असं त्याच्या आवाजात स्वतःलाच म्हणायचं आणि परत अलीकडे येऊन त्याला उत्तर द्यायचं. पण या खेळाची गंमतच अशी, की समोरच्याच्या मनात काय आहे ते ठाऊक नसतं. मन्सूरला दोन्हीकडचं ठाऊक असायचं. कोणी कोणाला फसवत नव्हतं. तासाभरात तो कंटाळायचा आणि चादरीवर तसेच शक उभे ठेवून आतल्या खाटेवर पडून राहायचा. कोळशाच्या ट्रकांची धूळ त्यांच्यावर बसत जायची, पांढरे घोडे आठवड्यात करडे व्हायचे. ब्रशने ते झटकणं एवढंच काय ते काम उरलं होतं.

सप्टेंबरात कांताबाई आल्या. कांताबाई म्हणजे धम्मरत्नच्या बायकोची, दीपाची, थोरली बहीण. दीपा जाऊन दीड वर्ष झालं होतं. कांताबाई पांढरकवड्याहून बसने आल्या होत्या आणि येताना रुमालात कवळीचे दोन तुकडे बांधून आणले होते.

"भाकर खाताना मोडली, मन्सूरभाऊ. आता आज अशीच तोंड झाकून जाते का काय मी?"

"बसा. दोन तासांत देतो," मन्सूर म्हणाला. तुकडे जोडून नीट बसतात का ते पाहण्यासाठी त्याने त्यांना तोंड मिटायला लावलं आणि बाजूने पाहिलं. "तुमचा वरचा ओठ दीपावैनीसारखाच आत जाते."

"बहिनीच तं होतो." कांताबाईंनी पदर तोंडावरून काढला. "तिचं तोंड जवाईबापूनं कसं बरोबर केल्तं, नाही? फोटोत बी तशी नाही येत ते. चौदा वेळा मोडली म्हने, पंधराव्या टायमाले जमली. मले दाखवाले पांढरकवड्याले आलते, रुमालात गुंडाळून. एवढीशी तं बाहुली, पन दीपाच. कमरेवर घागर घेऊन."

मन्सूरच्या हातात कवळीचा तुकडा होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"परवा इचारलं मी, कुठी हाय म्हनून," कांताबाई सांगत होत्या. "तं म्हने, मन्सूरकडं हाय. दाखवा न भाऊ. आली तशी पाहून घेते."

धम्मरत्नने तेवढंच सांगितलं होतं. मन्सूरकडे आहे. कापली, असं तो म्हणाला नव्हता.

"रंगाचं काम चालू आहे," मन्सूर खोटं बोलला. "वाळली की पाठवतो."

कांताबाई कवळी लावून, आरशात दोनदा पाहून गेल्या. त्या गेल्यावर मन्सूरने पहिल्यांदाच दिवसाढवळ्या शटर पूर्ण ओढलं. मेणाची डबी पालथी केली. कागदावर तीसेक डोकी घरंगळली, फेट्यांची, टोप्यांची, मिश्यांची. त्यात पदराचं एकच होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं. दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून त्याने ते चिमट्यात धरलं.

नाक डावीकडे गेलेलं. एक डोळा मोठा. पण वरचा ओठ आत दाबलेला, आणि हनुवटी किंचित उचललेली. दीपाचे पुढचे दोन दात विहिरीच्या काठावर पडून तुटले होते, तेव्हापासून ती ओठ दाबून हसायची. ते दात मन्सूरनेच केले होते. नवे दात लावून पहिल्यांदा तोंड उघडून हसली ती याच खोलीत, त्या तिथे खुर्चीवर. आणि सवय मोडेना म्हणून लगेच पुन्हा ओठ दाबून घेतले, तर तिघंही हसले होते. ज्या तोंडाचं माप त्याने बोटांनी घेतलं होतं, ते तोंड त्याला टेबलावर ओळखू आलं नव्हतं. कारण त्या दिवशी पात कुठे चालवायची एवढंच तो बघत होता. मान पाहिली होती, चेहरा पाहिलाच नव्हता.

मन्सूरने ते डोकं कागदावर परत ठेवलं. लाज वाटली की काही माणसं चिडतात, काही रडतात. त्याला नुसतं थंड वाटलं, भर सप्टेंबरच्या उकाड्यात.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाला हात घातला. दीपाचं धड शकांच्या छावणीत टोपीवाल्या पोराचं डोकं घालून पाणी देत होतं. ते डोकं काढलं. निळा रंग थिनरने पुसत गेला तेव्हा खालचं पांढरं पातळ वर आलं. दात कोरायच्या ड्रिलच्या सगळ्यात बारीक टोकाने मानेत भोक पाडलं, डोक्यात भोक पाडलं, मध्ये तारेचा तुकडा घालून दोन्ही जोडली. मानेवर एक रेघ राहिली. भिंगातून ते वाकडं नाक दिसत होतं. मेणाचा एक थेंब आणि सुरीचा एक फटका, की सरळ झालं असतं. हात शिवशिवला. मन्सूरने सुरी खाली ठेवली आणि ती शिवशिव जाईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसला.

मग तो धम्मरत्नच्या घरी गेला. धम्मरत्न ओसरीवर मेथी निवडत बसला होता. एकट्या माणसाला मेथीची एक जुडीही जास्तच होते. मन्सूरने काही न बोलता रुमाल त्याच्या पुढ्यात ठेवला.

धम्मरत्नने रुमाल उघडला. बोटांवरची मेथी झटकून बाहुली वर उचलली.

"कोनी सांगतलं?"

"कांताबाईनं." मन्सूर पायरीवर बसला. "तू काहून नाही सांगतलं? मी पात उचलली तवा एक शब्द बोलला असता तं…"

"नियम होता न."

"नियम गेला खड्ड्यात."

"अन् मले वाटलं तू ओयखशीन," धम्मरत्न म्हणाला. "तिचे दात तू केल्ते. दुसरं कोनी नाही ओयखलं तरी तू ओयखशीन असं वाटलं. म्हनून तं आनली होती. रविवारी तिले घरी एकटी काहून ठेवू?"

 चुकलं म्हणणंही मन्सूरला हलकं वाटलं. धम्मरत्नने बोटाने मानेवरची रेघ चाचपली.

"ही भरून देतो मी," मन्सूर म्हणाला. "दिसनार बी नाही."

"राहू दे. भरू नको." त्याने दीपाला रुमालात परत गुंडाळलं आणि मेथीची जुडी पुढे ओढली. मन्सूर उठला, फाटकापर्यंत गेला, तेव्हा मागून आवाज आला. "रविवारी येतो."

रविवारपर्यंतचे चार दिवस मन्सूरने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. एका बाईच्या कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवता-बसवता राहिला. रविवारी त्याने चादर धुऊन अंथरली, एकेक घोडा झटकला, दोन वाजताच चहाचं आधण तयार ठेवलं. तीनला धम्मरत्न मिठाईचे दोन खोके बगलेत मारून आला, स्टुलावर बसला, जसा काही मधला काळ गेलाच नव्हता. फौज मांडली. मागे छावणी ठेवली. राहुटी, बैल, चूल, आणि घागर घेतलेली दीपा.

खेळ सुरू झाला. तिसऱ्याच चालीला मन्सूरला दिसलं, की धम्मरत्नची डावी बाजू मोकळी पडली आहे. दोन पुठ्ठे होते तिथे, तेही भालेवाल्यांचे, दमलेले. शकांचे घोडे सुटले असते तर दोन चालींत छावणीवर असते. मन्सूरने घोड्यांवर बोट ठेवलं. छावणीत दीपा उभी होती, मानेवर रेघ घेऊन. त्याने बोट उचललं आणि घोडे मधोमध घातले, सातवाहनांच्या हत्तींच्या तोंडी.

हत्तींनी घोड्यांचा चेंदामेंदा केला. तासाभरात शकांची फौज मोडली. मन्सूर हात झटकून म्हणाला, "घे. जिंकला तू. बोल, कोनता कैदी पायजे?"

धम्मरत्न फाशांशी खेळत राहिला. "डावीकडून काहून नाही आला?"

"दिसलंच नाही."

"आंधळ्याले दिसलं असतं. मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं." त्याने फासे टेबलावर ठेवले. "तू मले सोडून देऊन राह्यला, मन्सूर."

मन्सूर मोडलेले घोडे गोळा करू लागला.

"दीपा गेली तवापासून समदे माह्याशी हळू बोलते," धम्मरत्न म्हणाला. "पियुष फोनवर हळू बोलते. शेजारी हळू बोलते. भाजीवाला बी मले पाहून काटा सैल सोडते. एक तू होता. रविवार आला का तू मले मारत होता, लबाडी करत होता, माह्या फौजेले नावं ठेवत होता. ते तीन तास मी साधा मानूस असाचो. आता तू बी हळूच खेळाले लागला." तो उठला आणि हत्ती खोक्यात भरू लागला. "मले दुश्मन पायजे. हळू बोलनारे लय हायेत."

एक हत्ती गेला, दुसरा गेला. मन्सूरला कळत होतं, की खोक्याचं झाकण लागलं की हे स्टूल आता कायमचं रिकामं राहणार. रुमालातून परत आणलेला दोस्त तो दयेपायी पुन्हा घालवत होता. आठ महिन्यांचे ते सगळे रविवार त्याच्या अंगावर चालून आले.

"मांड," तो म्हणाला.

धम्मरत्न थांबला.

"पुन्हा मांड. हत्ती भायेर काढ. अन् या टायमाले डावी बाजू झाकून ठेव, नाहीतर रडशीन मंग."

धम्मरत्नने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि हत्ती बाहेर काढले.

या खेपेला मन्सूर खरा खेळला. हत्तींना त्याने तिरंदाजांची पन्नास आमिषं दाखवून उजवीकडे ओढत नेलं. धम्मरत्नने डावी बाजू झाकली होती, पण एकच फळी होती, आणि तिच्यावर मन्सूरचा फासा सहाचा पडला. फळी फुटली. टेप लावून, टोक बोटाखाली न दाबता, त्याने घोडे छावणीवर घातले. मग नियमाप्रमाणे लुटलेल्या छावणीचा पुठ्ठा उचलला. राहुटी, बैल, चूल, दीपा, सगळ्यासकट. हात मध्ये थांबवला नाही. पुठ्ठा टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

"हरामखोर," धम्मरत्न म्हणाला.

मन्सूरला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. अर्ध्या तासात सातवाहन मोडले. धम्मरत्नने आणखी तीन-चार शिव्या दिल्या, एक फाशांना, एक हत्तींच्या माहुताला, बाकीच्या मन्सूरला. मग खोका पुढे सरकवला.

"घे कैदी."

आता इथे खरी अडचण होती. दीपाला पुन्हा नेणं क्रूरपणाचं होतं, आणि मुद्दाम एखादा फाटका भालेवाला उचलणं म्हणजे पुन्हा हळू बोलणं. दुश्मन काय उचलेल? जे गेल्याने समोरच्याला झोंबेल ते. मन्सूरने रांगांवरून नजर फिरवली. मधल्या फळीत एक निशाणवाला नवा होता. त्या आठ महिन्यांतच केलेला असणार, कारण आधी तो कधी टेबलावर आला नव्हता. पुट्टी जास्त बारीक घोटलेली, निशाणाला खऱ्या सुती कापडाची घडी. त्याने तो उचलला.

धम्मरत्नचा चेहरा पडला. "तो नको."

"नियम."

"दुसरा घे. हत्ती घे एक."

"हत्ती नको. हाच पायजे." मन्सूरने निशाणवाल्याला अंगठ्यावर आडवा धरला. पात उचलली. मग त्याला दीपा आठवली, आणि त्याने पात ठेवून भिंग घेतलं. दाढी होती. एक डोळा बारीक केलेला, कपाळाला आठ्या, तोंड उगाच वाकडं. शकासारखाही नाही आणि सातवाहनासारखाही नाही. "कोन आहे हा? नाक तं पुन्हा बिघडवलं तू."

"नाक तसंच हाय तुहं," धम्मरत्न म्हणाला.

मन्सूरने भिंग काढलं.

"दात उजेडात धरून पाह्यतो न तू, तवा असाच एक डोया बारीक करतो," धम्मरत्न खाली बघत म्हणाला. "आधी बिनादाढीचा केल्ता, तं कोनी दुसराच वाटे. मंग दाढी लावली. मोडला नाही. पयल्याच टायमाले जमला." त्याने चादरीवरचा एक फासा उगाच पालथा घातला. "रागावलो होतो तुह्यावर. पन घरात बोलाले कोनी पायजे न? दीपा भिंतीवरच्या फोटोत हाय, फोटो उलटून नाही बोलत. याले शिव्या तं देता येत होत्या."

बाहेर एक ट्रक गेला आणि शटर थरथरलं. मन्सूरने निशाणवाल्याला उभं केलं आणि टेबलावरून हळूच पलीकडे सरकवलं.

"ठेव तुह्याचकडं."

"नाही. जिंकला तं ने." धम्मरत्नने तो परत अलीकडे सरकवला. दीपाला रुमालात घेतलं, खोक्यांची झाकणं लावली, खोके बगलेत मारले आणि शटरखालून वाकून बाहेर निघाला. तिथेच, वाकलेलाच, थोडा थांबला.

"डोकं कापशीन तं काप," तो म्हणाला. "पन बुधवारी घराकडं चक्कर मार. रविवार लय दूर पडते."